आधी हवा आणि ओट्याची उंची, मग टाइल्स

पाऊस ओसरला, की आपल्याकडे घराच्या डागडुजीच्या गोष्टी सुरू होतात. कोणाला दिवाळीपूर्वी रंग काढायचा असतो, कोणाकडे मार्गशीर्षात लग्न निघालेले असते. अलीकडे या कामांत पहिला मान स्वयंपाकघराला मिळू लागला आहे, ही चांगली गोष्ट आहे. जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचे, खाली ट्रॉल्या, वर बंद कपाटे, भिंतीला छतापर्यंत टाइल्स आणि शेगडीवर चिमणी, असा बेत चिपळूण-राजापूरपासून थेट गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत सारखाच ऐकू येतो.

आरोग्याच्या सदरात ओट्याच्या आणि टाइल्सच्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझा दवाखाना गेली अनेक वर्षे गिरगावात आहे. कंबर धरून, खांदा धरून, खोकत किंवा डोके धरून येणाऱ्या गृहिणींची दुखणी ऐकताना मला पुष्कळदा त्यांचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे लागते. औषधाने दुखणे चार दिवस दबते आणि पाचव्या दिवशी तोच ओटा, तीच कोंदट हवा आणि तेच वाकणे पुन्हा सुरू होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की स्वयंपाकघराच्या दुरुस्तीवर होणारा खर्च शोभेचा न मानता घरातल्या माणसांच्या प्रकृतीवरचा खर्च मानावा आणि त्याच क्रमाने तो करावा. आधी हवा, मग ओट्याची उंची, मग गॅस, पाणी व वीज आणि सर्वांत शेवटी टाइल्स. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम बरोबर उलटा लागतो.

गिरगावचेच उदाहरण घेतो, कारण आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरांचे कोणी ना कोणी तिथे राहून गेलेले आहे. १८९३ साली जिथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ पाहिलेली मंडळी आपल्यात पुष्कळ असतील. चाळीतल्या खोलीची रचना सर्वांना ठाऊक आहे. पुढे सामायिक गॅलरी, मग बाहेरची खोली, आत स्वयंपाकाची खोली, तिच्या कोपऱ्यात मोरी आणि मागच्या भिंतीला खिडकी. जागा लहान होती, गैरसोयी भरपूर होत्या, पण या रचनेत एक शहाणपण होते. पुढचे दार आणि मागची खिडकी उघडी असली की वारा खोलीतून आरपार जात असे. कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह असलेल्या त्या काळात माणसे त्यातून निभावली, याला हा वारा बऱ्याच अंशी कारणीभूत होता.

मुंबईला हवेचे महत्त्व फार मोठी किंमत देऊन कळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढे त्या साथीने शहराची दाणादाण उडवली. १८९८ साली सरकारने मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे त्या वेळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केली. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून तिने पश्चिमेकडून आत येणारे रुंद रस्ते पाडले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतले दोन. आज त्यांना शामळदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात आणि गिरगावकर रोज त्यांवरून ये-जा करतो. प्लेग कोंदट हवेने होतो ही त्या काळची समजूत पुढे चुकीची ठरली. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध झाले. पण खोलीत हवा आणि उजेड हवा हा आग्रह चुकीचा नव्हता. क्षयाचे जंतू बंद खोलीतल्या हवेत रेंगाळतात आणि वारा खेळता असला की विरळ होतात, हे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

ज्या हवेसाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रस्ते पाडले, तीच हवा आज आपण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पैशाने बंद करीत आहोत. दुरुस्ती निघाली की मागच्या खिडकीवर पहिली कुऱ्हाड पडते. भांड्यांच्या कपाटाला भिंत हवी, म्हणून खिडकी अर्धी बुजते. मागची गॅलरी असेल तर ती बंद करून ओटा तिथे नेतात आणि आतली खोली अंधारी होते. उरलेल्या झरोक्यात फ्रिजची पाठ येते. काम संपल्यावर खोली छायाचित्रात सुंदर दिसते आणि पहिल्याच फोडणीला घरभर ठसका लागतो.

आता गॅस आला, धूर गेला, मग हवेची एवढी काळजी कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. लाकूड, गोवऱ्या आणि कोळशाच्या धुरापेक्षा गॅस कितीतरी बरा. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खेड्यापाड्यांतून चुलीच्या जागी गॅस आला हे म्हणूनच मोठे काम झाले. पण गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू निघतात आणि ते दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला सोसत नाहीत. शिवाय धूर फक्त इंधनाचा नसतो. कडकडीत तापलेल्या तेलातून जो धूर निघतो, तो माणसात बहुधा कर्करोगास कारणीभूत होत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. याचा अर्थ भजी तळली की कर्करोग झाला असा कोणी घेऊ नये. वर्षानुवर्षे रोज तो धूर छातीत ओढणाऱ्या बाईला तो निघून जायला वाट हवी, एवढाच त्याचा अर्थ.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. खिडकी बुजवू नये. तिच्या वरच्या एका तावदानाच्या जागी बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा आणि तो शेगडीच्या जवळ, उंचावर असावा. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला हवी, म्हणून समोरच्या बाजूचे दार उघडे ठेवावे किंवा त्याला खाली जाळी ठेवावी. दारे-खिडक्या घट्ट लावून पंखा फिरवला तर तो नुसता आवाज करतो. चिमणी घेणार असाल तर तिची नळी इमारतीबाहेर मोकळ्या हवेत जाते ना, हे पाहूनच घ्यावी. नळी नसलेली चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तिच्या जाळीत तेलकटपणा अडकतो, वास कमी होतो, पण वायू आणि उष्णता घरातच राहतात. चाळीत राहणाऱ्यांना आणखी एक विनंती. आपली नळी शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा सामायिक गॅलरीत सोडू नये. आपल्या फोडणीवर शेजारच्या आजोबांचा दमा उठता कामा नये.

हवेच्याच संदर्भात गॅसच्या गिझरविषयी कडक शब्दांत सांगणे भाग आहे. दुरुस्ती करताना मोरीला दार लावून तिचे न्हाणीघर करतात आणि त्याच चिंचोळ्या जागेत गॅसचा गिझर टांगतात. बंद जागेत ज्योत जळू लागली की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळ करणाऱ्या माणसाला जरासे डोके जड वाटते, चक्कर येते आणि कडी काढण्याइतके त्राणही उरत नाही. गॅसचा गिझर बसवायचाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. तशी जागा नसेल तर विजेचा गिझर घ्यावा किंवा पूर्वीसारखे पातेल्यात पाणी तापवावे. यात तडजोड नको.

आता ओट्याच्या उंचीकडे वळू. कंत्राटदार ओटा घालतो तो त्याच्या सवयीच्या मापाने. गिरगावात काय किंवा लांज्यात काय, त्या घरात रोज उभे कोण राहणार आणि तिची उंची किती, हे विचारणारा गवंडी मला क्वचितच भेटला. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे या बिनपगारी कामात घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यातला मोठा भाग ओट्यापाशी जातो. कचेरीतल्या माणसाला खुर्ची टोचली तर तो दुसऱ्या दिवशी तक्रार करतो. ओटा टोचतो तेव्हा बाई वीस वर्षे काढते आणि मग माझ्याकडे येते.

ओटा बुटका असला तर पाठ सतत वाकलेली राहते आणि कमरेच्या मणक्यांवर ताण पडतो. ओटा उंच असला तर पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतात, मान अवघडते, हाताला मुंग्या येतात. माप घेण्याची पद्धत अगदी सोपी आहे. घरात जी चप्पल घालता ती घालून ताठ उभे राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजून घ्या. चिरणे, निवडणे अशा हलक्या कामासाठी ओटा कोपराच्या सुमारे चार इंच खाली असावा. कणीक मळणे व लाटणे यांत जोर लावावा लागतो, म्हणून त्यासाठी तो सहा ते आठ इंच खाली बरा. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण अडतीस इंचांवर येते. म्हणजे तिला चिरायला चौतीस इंच ठीक आणि लाटायला तीस-एकतीस. पोळपाटालाही पाय असतात, तेव्हा त्याची उंची या हिशेबात धरायला विसरू नये.

शेगडी तर ओट्यावर आणखी चार-सहा इंच चढते आणि तिच्यावर पातेले. आमटीच्या पातेल्यात डोकावायला टाचा उंच कराव्या लागत असतील, तर भाजण्याचा धोका आणि खांद्याचे दुखणे दोन्ही आलेच. म्हणून शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घ्यावा. एकाच ओट्याला दोन पातळ्या दिल्या तर गवंड्याचे काम थोडे वाढते, एवढेच. भांडी घासण्याच्या सिंकचा तळ सात-आठ इंच खोल असतो, तेव्हा त्याची कड ओट्यापेक्षा किंचित उंच ठेवली तर वाकणे कमी होते. ओट्याखाली जमिनीलगत तीन-चार इंच आत खोबण ठेवावी, म्हणजे पावले आत जाऊन पोट ओट्याला टेकते आणि पाठीला आराम पडतो. ट्रॉल्या बसवणारे ही खोबण कधी कधी गाळतात. त्यांना आधीच बजावून ठेवावे. आणि हे सारे पक्के करण्याआधी विटा रचून त्यांवर फळी ठेवावी, पोळपाट घ्यावा आणि दोन पोळ्या प्रत्यक्ष लाटून पाहाव्यात. अर्ध्या तासाच्या या परीक्षेने पुढची वीस वर्षे सुखाची जातील.

घरात सासू आणि सून दोघींच्या उंचीत फरक असेल तर काय, असेही विचारतात. जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरावे आणि दुसरीसाठी बसून काम करता येईल अशी एक उंच बैठक ठेवावी. रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात ठेवावीत. पोटमाळ्यावर आणि तळाच्या ट्रॉलीत वर्षातून दोनदा लागणारी भांडी जावीत. साठीच्या बाईला पोह्यांच्या डब्यासाठी स्टुलावर चढावे लागले, तर मांडीचे हाड मोडायला निमित्त पुरते.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांनी पक्की लक्षात ठेवावी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ज्या कपाटात ठेवाल, त्याच्या दाराला अगदी तळाशी आणि वर अशा दोन्ही ठिकाणी हवा जाण्यास जाळी हवी. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावा. मुंबईत पुष्कळ घरांत महानगर गॅसचा पाइप आला आहे आणि आपल्याकडच्याही काही शहरांत पाइपचा गॅस येऊ लागला आहे. हा गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि गळती झाली तर छताकडे जातो. त्याला वाट वरून हवी. सिलिंडरवरून पाइपवर जाणाऱ्यांनी वरचा झरोका बुजवला तर संकटाला आमंत्रणच. रबरी नळी आयएसआय छापाची घ्यावी, ती दीड मीटरहून लांब नसावी, पाच वर्षांनी बदलावी आणि ट्रॉलीच्या पाठीमागे दडवू नये. दडवलेली नळी उंदराने कुरतडली तरी कळत नाही. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे; पाइपचा गॅस असेल तर त्याचा कॉक बंद करून बिलावर छापलेल्या तातडीच्या क्रमांकावर कळवावे.

विजेचेही तसेच. मिक्सर, फ्रिज, गिझर आणि पाणी गाळण्याचे यंत्र असा सारा भार जुन्या एका तारेवर टाकू नये. भिंत फोडलेली असतानाच नवीन तारा घालाव्यात आणि अर्थिंग तपासून घ्यावे. झटका बसण्याआधी प्रवाह तोडणारा खटका मिळतो, तो बसवावा. दिवा खोलीच्या मधोमध असला की उभ्या माणसाचीच सावली विळीवर आणि सुरीवर पडते. ओट्याच्या वर, समोरून उजेड पडेल असा दिवा लावावा. बोटे कापण्याचे प्रकार त्याने कमी होतात.

पाण्याची गोष्ट गिरगावकराला वेगळी सांगायला नको. नळाला ठराविक वेळी पाणी, म्हणून मोरीत पिंप आणि माळ्यावर टाकी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन जुन्या लाकडी तुळयांवर येते. मोरीतून झिरपणाऱ्या पाण्याने आधीच त्या तुळयांची टोके कुजलेली असू शकतात. तेव्हा टाकी, ग्रॅनाइट आणि नवी फरशी चढवण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याला दाखवावे आणि मालकाची व लागतील त्या खात्यांची परवानगी घ्यावी. कोणतीही भिंत परस्पर पाडू नये. ओल आलेल्या भिंतीवर टाइल्स लावून ती झाकू नये. ओल आतल्या आत पसरते, बुरशी धरते आणि घरातल्या मुलाचा खोकला हटत नाही. आधी गळती शोधावी, भिंत वाळू द्यावी, मग टाइल्स.

पिंप आणि टाकी झाकलेली हवीत. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून घासून कोरडे करावे. म्हणून पिंप असे ठेवावे की ते हलवता येईल, भिंतीत चिणून टाकू नये. सिंकखालच्या नळीला वाकडा भाग असतो. त्यात थोडे पाणी साचून राहते आणि त्यामुळे गटारातला वास व झुरळे वर येत नाहीत. जागा वाचवायला प्लंबर तो भाग काढून सरळ नळी लावीत असेल तर त्याला थांबवावे. नळ्या जिथून भिंतीत शिरतात तिथली भोके सिमेंटने बुजवावीत. १८९६ चा प्लेग गेला, उंदीर कुठे गेले? पावसाळ्यात लेप्टोचे रोगी येतात ते त्यांच्याच कृपेने.

तोडफोडीच्या दिवसांतही काळजी हवी. जुन्या रंगात शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लागलेल्या रंगांविषयी खात्री देता येत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंग खरवडताना भिंत ओली करावी, धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे किंवा नळ कोरडे कापू अगर फोडू नयेत, कारण त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. गरोदर स्त्री, तान्हे मूल आणि दमेकरी यांना त्या आठवड्यात नातेवाइकांकडे पाठवावे. आणि जो मजूर हे काम करतो त्यालाही तोंडाला बांधायला चांगला मास्क द्यावा. त्याचेही फुप्फुस आपल्यासारखेच आहे.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, जागाच नाही. उलट जागा कमी तितकी हवेची गरज जास्त. कपाट एक कमी करा, खिडकी ठेवा. वापरात नसलेली भांडी काढली तर निम्मी कपाटे लागतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. दुसरा, पैसा नाही. ओट्याची उंची बदलायला टाइल्सपेक्षा कमी पैसे लागतात आणि खिडकी न बुजवायला काहीच लागत नाही. ज्यांना मोठी दुरुस्ती परवडत नाही त्यांनी बुटक्या ओट्यावर लाकडी पाट आणि उंच ओट्यापुढे भक्कम फळी ठेवली तरी फरक पडतो. तिसरा आक्षेप वास्तुशास्त्राचा. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी तोंड पूर्वेला करून जरूर स्वयंपाक करावा. मात्र त्यासाठी खिडकी बुजवून ओटा अंधाऱ्या भिंतीला नेऊ नये. सूर्याची दिशा पाळायची आणि सूर्याचा उजेड घालवायचा, यात कोणते शास्त्र?

गिरगाव आता झपाट्याने बदलत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळावे असा नियम आहे. सोसायटीच्या सभांतून किती फूट मिळणार यावर तासन्‌तास भांडण होते, आणि ते रास्तच आहे. पण नकाशावर बोट ठेवून स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, मोकळ्या हवेत की समोरच्या भिंतीवर, हे विचारणारे मी फार थोडे पाहिले. सभेला पुरुष जातात, सही पुरुष करतात आणि पुढची तीस वर्षे त्या खिडकीपाशी उभी राहते बाई. आपल्या जिल्ह्यातही आता ठिकठिकाणी सदनिकांच्या इमारती होत आहेत. तिथेही घर पाहायला जाताना दिवाणखान्याच्या आधी स्वयंपाकघरात जावे, दिवा न लावता दुपारी उभे राहावे आणि उजेड किती, वारा किती ते पाहावे.

घरोघरी मातीच्या चुली असे आपण म्हणतो. आता चुली मातीच्या राहिल्या नाहीत, पण त्यांच्यापुढे उभी राहणारी माणसे हाडामांसाचीच आहेत. यंदा स्वयंपाकघराचे काम काढणार असाल तर टाइल्सचे दुकान गाठण्यापूर्वी घरात एक काम करा. जी तिथे रोज उभी राहते तिच्या हाती वही द्या आणि तिला कुठे दुखते, कुठे गुदमरते, कुठे वाकावे लागते, ते लिहायला सांगा. तिथे पुरुष उभा राहत असेल तर फारच उत्तम, त्याने लिहावे. ती यादी गवंड्याच्या हाती द्यावी आणि काम तिच्याबरहुकूम करून घ्यावे. रंग कोणता आणि नक्षी कोणती, याची चर्चा मग सवडीने करता येईल.